झुंबराखालचं पाणी

८ जानेवारी १९६१
नागपूरहून एसटीनं वणी, तिथून किसनरावांची जीप. कापसाच्या जिनिंगचे मालक किसनराव यांनी राजूरच्या अलीकडे, बाभळीच्या रानात, हे हॉटेल उभारलंय. कोळशाच्या खाणींचे मोठे साहेब आणि मुंबईचे कापूस-व्यापारी इथं उतरावेत म्हणून. संगमरवर, गालिचे, रेडिओग्राम, न्हाणीघरात नळाला गरम पाणी! दार लावून मी पलंगावर चक्क उडी मारली. मी काढायचे ते जाहिरातीच्या पुस्तिकेसाठीचे फोटो. लग्नातल्यासारखे नकोत, असं किसनरावांनी बजावलं. मलाही नकोतच.

९ जानेवारी
रिकामी खोली फोटोत फर्निचरच्या दुकानासारखी दिसते. म्हणून मी उशी जरा दाबली, अर्धा प्यालेला चहा ठेवला, सपाता तिरप्या टाकल्या. पाहणाऱ्याला वाटावं, पाहुणा आत्ताच सज्जात गेलाय. खोल्या झाडणारी पंचफुला हसायला लागली. "निजाले कोनी नाही अन् गादी काहून चुरगळून राह्यले, भाऊ?"

१० जानेवारी
जेवणाचं दालन. फरशीवर पाण्यानं भरलेली परात ठेवली, त्यात झुंबर उलटं दिसावं म्हणून. भरदुपारी पडदे ओढले आणि लेन्स बराच वेळ उघडी ठेवली. न्हाणीघरात निगेटिव्हची काच धुतली तर सगळं स्वच्छ, फक्त पाण्यातलं झुंबर विस्कटलेलं. परात पुन्हा मांडली. आता नीट पाहिलं तर पाणी थरथरत होतं. खालून ठोके येत होते. ठक, ठक, ठक. नळ दुरुस्त करणारा असेल, असं वाटून मी वैतागून टाच तशीच तीनदा आपटली. थांबलं. फोटो झकास आला.

१२ जानेवारी
पंचफुलेला ठोक्यांचं गमतीनं सांगितलं तर ती मटकन खालीच बसली. दालनाखाली जुन्या खाणीचा बोगदा आहे. पाणी शिरलं तेव्हा माणसं आतच राहिली आणि तोंड बुजवलं गेलं. त्यात तिचा नवरा उकंडा होता. चार वर्षं झाली.
"जित्ता मानूस चार वर्सं ठोकत नाही, भाऊ. मले समजते. पन तुमी जवाब कायले देला? जवाब देनाऱ्याच्या मांगं येतात ते."
मग तू इथं का राहतेस, असं विचारलं. ती म्हणाली, "मायाच मानूस हाय ना थो. त्याले टाकून कुठं जाऊ?"

१३ जानेवारी
जिन्यात स्टँड उभा केला. स्टँडखाली ठोके. व्हरांड्यात नेला. तिथंही. किसनराव म्हणाले, नळात हवा अडकली असेल, फोटो पुरे करा.

१४ जानेवारी
न्हाणीघरात. पलंगाखाली. मी चालतो तसे चालतात.

१५ जानेवारी
दुपारी पंचफुला दालनात फरशी पुसत होती, मी दारात कॅमेरा लावत होतो. ठोके आले, पण वेगळे, सावकाश, दमलेल्या माणसासारखे. तिनं फडकं टाकलं. "हा त्याचाच हात हाय," म्हणाली. मी ओरडलो, नको! तिनं फरशीवर बोटांची पेरं हलकेच वाजवली, घरचं दार वाजवावं तशी.
फरशी आवाज न करता खाली गेली. ती पण.
हॉटेलच्या गड्यांनी भगदाडात दोर सोडला. खालून कुणीतरी ओढला. जोरात. मग दुसऱ्या कुणीतरी. सगळ्यांनी दोर सोडून दिला — मीही —

१६ जानेवारी
राळेगाव. कौसल्येकडे, धाकट्या बहिणीकडे. कॅमेरा तिथंच. काही सांगितलं नाही तिला. सांगू काय? ओसरीतली जमीन मऊ, शेणानं सारवलेली. शांत आहे. झोप लागली.

१७ जानेवारी
मातीतून आवाज दबका येतो. आधी वाटलं माझीच छाती.
चुलीकडे सरकलाय.
उद्याच्या गाडीनं निघतो. माझ्या मागं येतील. हिला सोडतील. मी गेलो की —
कौसल्या आतून विचारते आहे, "दादा, चुलीपाशी घूस लागली काय रे? ठकठक करून राह्यली. थांब, हाकलतो तिले."
बत्ता आपटला तिनं. एकदा. पुन्हा —
कौसल्ये, नको, बाहेर ये, कौस