सारवलेल्या अंगणातली फटफटी

कुंभार पिंपळगाव, शके १८५६

अधिक वैशाख शु. ९
काल धोंड्याचं वाण पार पडलं. तेहतीस अनारसे, धोतरजोडी, वर निरांजन. जावईबापू धर्मराजराव आज सकाळी जिनिंगच्या मालकांच्या मोटारीतून परभणीला गेले. पौर्णिमेला परत येणार, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या झुंबरला मागं बसवून जालन्याला. तोवर फटफटी माझ्या हवाली. म्हणाले, "मामा, हिच्याकडं लक्ष असू द्या." लक्ष ठेवणं म्हणजे नुसतं बघत बसणं नव्हे. चांगला घोडा बांधून ठेवला की आखडतो.

शिवाय तिचा आवाज. निवृत्तीचा वजिफा लागण्याआधी माझ्या वर्गात पोरं एका सुरात कविता म्हणायची तेव्हा पत्रे थरथरायचे. फटफटी तशीच म्हणते. लघु, गुरू, गुरू. अस्सल भुजंगप्रयात. ऐकता ऐकता ओळ सुचली:
निघे धावुनी लोहवाजी रणाला
दुसरी उद्या सुचेल.

शु. १०
फिरवली. चावडीपर्यंत उत्तम. पुढं ब्रेक हाताचा की पायाचा, याचा मनात खल चालू असताना कडूबाची कडब्याची गंजी आडवी आली. (गंजी जागची हलली नव्हती, असं कडूबाचं म्हणणं.) कडबा मऊ. आईच्या कुशीत शिरावं तसे आम्ही दोघं आत शिरलो. फटफटी झटकून पाहिली. ओरखडासुद्धा नाही.
कडूबा म्हणाला, "मास्तर, आत दगडी ओटा हाय, वाळवीपायी. धाडकन आवाज आल्ता."
तो माझ्या गुडघ्याचा असावा. घरी बोलायचं नाही, कारण बोलण्यासारखं काही झालंच नाही.

शु. ११
एकादशी. हँडल सरळ धरलं की फटफटी डावीकडं जाते. आपल्या गावचा रस्ताच डावीकडं उतरता. खात्रीसाठी उलट्या दिशेनं आणून पाहिली. तरी डावीकडं. रस्ता दोन्हीकडून उतरता आहे.
दुसरी ओळ नाही. उपासाच्या पोटी वृत्त बसत नाही.

शु. १२
गोठ्याचं दार लावून तपासणी. बाजारात बैल घेताना खोड शोधतात तशी, शास्त्रशुद्ध. अंगावर हात फिरवला. टाकी ठोकली. मग समोर उभा राहून एक डोळा मिटला, वाकडी दिसली. दुसरा मिटला, सरळ दिसली. सरळ दाखवणारा डोळा मोतीबिंदूचा आहे, पण अनुभव त्यालाच जास्त. निकाल त्याचा धरला.
तरी मनाच्या समाधानासाठी पुढचं चाक दावणीच्या खुंट्याला बांधून हँडल ओढलं. खुंटा उपटला. कंबर धरली. म्हैस मोकळी झाली.

शु. १४
सगुणानं सकाळी अंगण सारवलं. गोठ्यात म्हैस फटफटीला शिंगं घासते म्हणून मी फटफटी ढकलत ओसरीकडं आणली. सारवण ओलं होतं, हे लक्षात राहिलं नाही. सगुणानं शेणाची पाटी खाली ठेवली. जे बोलली ते इथं लिहीत नाही. बोलता बोलता तिनं खाली बघितलं.
"अहो, जावई आले तव्हा अंगण असंच ओलं होतं. एकच रेघ उठल्ती. आता दोन कशा?"
मी सांगितलं, मोठ्या यंत्राचं असंच असतं.
"आणि गेल्या आठवड्यात ती लहान होती व्हय?"
मी दुसऱ्या वृत्ताचा विचार करत राहिलो. ती एवढंच म्हणाली, "माझी लेक बसायचीय हिच्यावर."
निश्चय: जावयांना सगळं सांगायचं. स्पष्ट. गद्यात.

पौर्णिमा
जावई आले. दमले होते, दमल्या माणसाला सांगणं बरं नव्हे. मग ताटावर बसले; भरल्या ताटावर तर मुळीच नव्हे. मग झोपले.
आज पौर्णिमा असून सगुणानं अंगण सारवलं नाही. आठवण केली, तर म्हणाली, "राहू द्या." वयोमानानं बायकांना आळस येतो.

वद्य १
झुंबर पदर खोचून फटफटीवर बसायला निघाली. मी आडवा झालो. म्हणालो, प्रतिपदेला लेकीनं दोन चाकांवर बसू नये, असं शास्त्र आहे. जावयांनी विचारलं, कोणत्या पोथीत? पोथीचं नाव आठवेना.
"आबा," झुंबर म्हणाली, "काय करून ठेवलं?"
मी सांगायलाच निघालो होतो. तेवढ्यात सगुणा म्हणाली, "जावईबापू, जरा अंगण बघा."
वाळलेल्या सारवणात दोन रेघा, शेजारी शेजारी, पाटीवर आखल्यासारख्या. जावई उकिडवे बसले. उठून पुढच्या चाकाशी गेले, चाक धरणाऱ्या लोखंडी चिमट्यावरची माती अंगठ्यानं पुसली. खाली केसाएवढी चीर.
"मामा, पहिल्याच खड्ड्यात हे तुटलं असतं," म्हणाले.
धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे विष्णू. विष्णूनं सासऱ्यावर ओरडावं की नाही, याचा निर्णय होईना. त्यांनी पाणी मागितलं. पिऊन परत मागितलं.

कडूबाची बैलगाडी आली. फटफटी आडवी निजवली, खाली कडबा. त्याच गंजीचा. झुंबर शेजारी बसली, मांडीवर अनारशांचा डबा. वेशीपाशी जावयांनी मागं वळून सांगितलं, "मामा, पुढच्या धोंड्याला मी चालत येईन."

दुसरी ओळ सुचली:
जुने बैल ओढीत नेती तयाला
वृत्त बिनचूक आहे. कोणाला तरी वाचून दाखवली असती, पण सगुणा अंगण सारवून राह्यलीय, आणि वाळेपर्यंत मला ओसरीवरून उतरायची मनाई आहे.