तिसरी तार

४ जाने., रवि.
पडद्यावर नवा खेळ लावला, कारखान्याचा. ओढ्यावर पंप बसवायचा, खांब रोवायचे, तारा ओढायच्या, की पुढची यंत्रं फिरायला लागतात. ज्याने केलाय त्याला पाणी कळतं. पाइप लांब नेला की धार बारीक होते, चढावर नेला की पंप कण्हतो. कुणी सांगायला येत नाही, धारेकडे बघून आपलं आपल्याला उमगतं. असं शिकवणं मला आवडतं. मीही तसाच शिकलो, जळक्या मोटारी उघडून उघडून.

पण पंपाला दोनच तारा. तिसरी कुठे? अर्थिंग नाही. खोक्याला ओल्या हाताने धरलं तरी माणूस हसत उभा.

बंद केला. जेवण गेलं नाही. ही लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेलीय ते बरं, नाहीतर विचारलं असतं.

६ जाने., मंगळ.
वरच्या खोलीतली अनघा आली होती. अकोल्याची पोरगी, इथे लवळ्यात खेळ बनवायचं शिकते, शेवटचं वर्ष. मागे तिचा तुटका रिमोट सोल्डर करून दिला, तेव्हापासून ती मला खेळ देते नि माझी मतं वहीत उतरवून घेते. मतं कसली, म्हाताऱ्याची कुरकुर. खेळातला दुकानदार तेच वाक्य तिसऱ्यांदा बोलला की मी बाहेर पडतो. गावात असा माणूस असता तर लोक दुसऱ्या आळीने गेले असते. शेतीच्या खेळात चिखलणी नाही, लावणी नाही, भाताला थेट लोंब्या. आणि बोलण्याआधी सेव्ह करून ठेवायचं, मग तिन्ही उत्तरं देऊन बघायची, ही सोय तर मुळीच पटत नाही. अशाने जिभेला वजन राहत नाही.

आता तिचा स्वतःचा खेळ परीक्षेला लागलाय. दहाव्याचा. आजोबा गेलेत, नात गावी आलीय, घाटावर पिंड ठेवलाय आणि कावळा शिवत नाही. म्हाताऱ्याचं काय राहिलं ते घरात, माणसांत हिंडून शोधायचं आणि पिंडापुढे कबूल करायचं. मग कावळा येतो. तिच्या खऱ्या आजोबांना लगेच शिवला होता म्हणे, म्हणून तिला त्याचं कुतूहल.

"आजोबा, तुम्ही पाहिलंय का हो, शिवलाच नाही असं?"

पाहिलंय म्हणालो. तिने पेनाचं टोपण काढलं. मी दुधाचं निमित्त करून आत.

९ जाने., शुक्र.
खेळलो. घर चांगलं उभं केलंय. खुंटीवरची टोपी, अर्धी राहिलेली चुन्याची डबी, काही न सांगता म्हातारा कळतो. घाटावर मात्र घोळ. तीन वाक्यं समोर येतात, नातीचं लग्न करू, विहीर बुजवणार नाही, धाकट्याला परत आणू. चुकीचं दाबलं की कावळा उडून जातो. बरोबर दाबलं की बासरी.

अनघाला सांगितलं, हा कावळा नाही, शाळामास्तर आहे. तिथे कुणी पर्याय लिहून देत नाही. लोक हात जोडून लांब उभे असतात, एकेक जण पुढे होऊन मोठ्याने कबूल करतो, नेमकं काय राहिलंय हे कुणालाच माहीत नसतं. आणि कधीकधी एकाला माहीत असतं.

शेवटचं वाक्य तिला सांगितलं नाही. इथेच लिहितो.

धाकट्या भावाचं नाव अकरा वर्षं या वह्यांत आलं नाही. दत्तू. माल्यात, गावाकडच्या वडिलांच्या घरात राहायचा. परसातल्या विहिरीवरची मोटार मी दुरुस्त करून बसवून दिली. अर्थिंगची तार स्विचच्या खोक्यापाशी गंजून तुटलेली दिसली होती. ती जोडायची पट्टी जवळ नव्हती, उद्या आणतो म्हणून घरी आलो. दत्तूला सांगितलंही नाही. कशाला घाबरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोने, हौसाने हाक मारली, हौद भरला, मोटार बंद करा. तो म्हशी धूत होता. तसाच गेला. लोखंडी खोक्यात करंट उतरलेला.

मी पट्टी खिशात घेऊन पोचलो तेव्हा तो विहिरीपाशी पडला होता.

सगळे त्याला घेऊन पौडच्या दवाखान्यात पळाले. वीज तोडून येतो म्हणून मी मागे राहिलो. तोडली. आणि तार बांधली. घट्ट बांधली. पंचनाम्यात आलं, अर्थिंग ठीक, हात ओले.

दहाव्याला दोन तास कावळा शिवला नाही. सागरला शिकवू, म्हशी विकणार नाही, हौसाला अंतर देणार नाही. हे सगळं मीच बोललो, मोठा भाऊ ना. एक सोडून सगळं बोललो. शेवटी दर्भाचा कावळा केला.

हिलाही कधी सांगितलेलं नाही.

११ जाने., रवि.
अनघा भांडायला आली. पर्याय काढले तर खेळणाऱ्याने जिंकायचं कसं? म्हणालो, जिंकायचंच कशाला. तर म्हणे, "तुम्हीच म्हणता ना, माणूस मेला तर का मेला ते खेळणाऱ्याला कळलंच पाहिजे?"

माझंच वाढलेलं माझ्या ताटात. म्हणतो मी तसं. पूल कोसळायच्या आधी फळी करकरली पाहिजे. कारण दिसलं नाही तर खेळणारा स्वतःला दोष देतो, आपलीच उडी चुकली समजून तीच उडी पुन्हा पुन्हा मारत बसतो. असा खेळ करणाऱ्याला मी लबाड म्हणतो. वहीत तिने लिहूनही ठेवलंय, माझ्या नावाने.

हौसा अकरा वर्षं तीच उडी मारतेय. जाईन तेव्हा म्हणते, "मीच हाक मारली, भावजी. हात पुसून जावा म्हणायचं सुदिक सुचलं न्हाई मला."

आणि मी काय म्हणतो? जाऊ दे गं, नशीब.

१४ जाने., संक्रांत
माल्याला जाऊन आलो. मनाशी ठरवून गेलो होतो. ऊस, गाजरं, पावट्याच्या शेंगा नेल्या. शेजारच्या घरी हळदीकुंकू, बायका नटून ये-जा करत होत्या. हौसा मागल्या दारी भांडी घासत बसलेली. पुढे ये म्हणालो तर, "ऱ्हाऊ द्या. हितं ऊन बरं लागतंय."

सागर घरी होता. एकवीस पूर्ण झाली त्याला. सूसच्या सोसायट्यांतले पंप बघतो. काम मीच शिकवलं. सांगत होता, बरोबरची पोरं हसतात त्याला, अर्थिंग दोनदा तपासतो म्हणून. "मी म्हणलं, हसा लेकांनो. आमच्या तात्यांची शिकवण हाय."

मग माझी फिरकी. तात्या, अजून गेम खेळता व्हय, आता नातू आला की त्याच्याशी रिमोटवरनं भांडणार का. सगळे हसलो. हातावर तिळगूळ ठेवून पाया पडला.

न बोलता आलो. पिरंगुटपर्यंत स्कूटी कशी चालवली आठवत नाही.

१६ जाने., शुक्र.
अनघाने खेळ बदलला. तीन वाक्यं गेली. आता घाटावर गप्पही राहता येतं. गप्प राहिलं की सावल्या सरकतात, कुणी खोकतं, कुणी घड्याळ बघतं, मग गुरुजी दर्भ हातात घेतात. मला वाटलं संपला. संपत नाही. नात घरी येते आणि कावळा भिंतीवर बसलेला. ओरडत नाही, अंगावर येत नाही. पाण्याला गेलं तर रहाटावर. गोठ्यात गेलं तर दावणीवर. घरातल्या बाकी कुणालाच तो दिसत नाही, सगळे आपापल्या कामात.

भुताचे खेळ मी पुष्कळ खेळलो. दारं आपटतात, बायका किंचाळतात, दुसऱ्यांदा ते कुठून येणार ठाऊक असतं. अशाला मी भीत नाही. जे नुसतं बसून राहतं आणि काहीच मागत नाही, त्याची भीती कमी होत नाही. हे या पोरीला बाविसाव्या वर्षी कसं कळलं?

स्वयंपाकघरात एक बाई भाकरी थापते, पाठमोरी. म्हाताऱ्याची बायको. तिच्या मागे जाऊन उभं राहिलं की खाली बारीक अक्षरात उमटतं, बोला.

१७ जाने., शनि.
खेळ कुठे किती वेळ खेळला याची नोंद तिच्याकडे आपोआप जाते, हे मला माहीत नव्हतं.

"आजोबा, स्वयंपाकघरात तुम्ही एक्केचाळीस मिनिटं नुसते उभे होता. बटण सापडलं नाही का?"

नाही सापडलं म्हणालो.

ती हळहळली. म्हणाली, चूक माझीच, अक्षर फारच बारीक ठेवलंय, तुमच्या वयाचा विचारच केला नाही मी. वहीत तसं लिहिलं. आपल्या नावावर.

मी लिहू दिलं. पुन्हा.

१९ जाने., सोम.
बटण आता दुप्पट मोठं, पिवळंधमक. शेजारी बसूनच राहिली. "आता दिसतंय ना?"

दाबलं. नातीचे ओठ हलतात, शब्द ऐकू येत नाहीत. बाईचा हात परातीवर थांबतो. बस्. पुढे काही नाही. म्हणाली, इथून पुढचं मला लिहिताच येत नाही आजोबा, ती बाई काय म्हणेल? चार दिवस झाले, लिहिते नि खोडते. रडली तर खोटं वाटतं, माफ केलं तर त्याहून खोटं.

मला माहीत नाही म्हणालो. हे निदान खरं होतं. मग म्हणालो, बटण मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तुझी चूक नव्हती, खोड ते.

तिने खोडलं. जिन्यापाशी जाऊन एकदा वळून बघितलं तेवढंच.

२१ जाने., बुध.
दिवसभर खेळ नाही. एक मिक्सर आला होता, तो केला. तीनदा तपासला.

इतकी वर्षं मला वाटत होतं, सांगितलं तर दत्तू माझ्यापासून जाईल. तो तर गेलाच आहे. जाईल तो सागर.

२२ जाने., गुरु.
सागर कामावर असतो ती वेळ धरून गेलो. हौसा ओट्यावर पावटे सोलत होती. मी पायरीवर बसलो आणि सांगितलं. तुटलेली तार, उद्यावर टाकलेलं काम, मागे राहून काय केलं ते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका दमात. ती सोलत राहिली. माझं संपल्यावरही चार-पाच शेंगा सोलल्या.

मग म्हणाली, "पट्टी खिशात हुती?"

"व्हय."

"आन त्यास्नी न्हेल्यावर तुमी तार बांदली."

"व्हय."

"मंजी हात कोरडं असतं तरी?"

म्हणालो, तरी धक्का बसलाच असता. तू हात लावला असतास तर तुला.

उठून आत गेली. मी तिथेच. बाहेर आली ती रडलेली दिसली नाही. हात पदराला पुसत होती, कोरडेच हात. म्हणाली, "अकरा वर्सं ह्ये करतीया, भावजी. पाण्याला हात लावला का पुसायचं, न्हाई लावला तरी पुसायचं. सागर लहान व्हता तवा त्याचं हात पुसून पुसून सोलवटलं मी."

पाया पडायला वाकलो तर मागे सरकली.

"माज्यापाशी बोलून मोकळं नगा हूं. आयतवारी या. सागर घरी आसतूय. ह्येच, आसंच, त्याच्याम्होरं सांगा."

तूच सांग म्हणालो.

"मी न्हाई सांगायची."

चहा विचारला नाही. त्या घरात असं पहिल्यांदाच. रागवायला मी कोण?

२४ जाने., शनि.
अनघाला सोमवारी खेळ जमा करायचाय. बाईचं पुढचं रिकामंच आहे. सकाळी विचारायला आली होती, म्हणालो, एका बाईने तिच्या नवऱ्याच्या भावाला काय म्हटलं ते मला कळलंय, पण ते खेळात घालायला माझं नाही. तिने मान हलवली. मग म्हणाली, हात थांबतो तिथेच संपवू का? संपव म्हणालो. खेळ म्हणून ते बरोबर आहे. घरात तिथे संपत नाही.

दुपारी सागरचा फोन. आवाजात आनंद. "तात्या, आई म्हणली उद्या येताय. मटण आणू का कोंबडी? तुमी म्हणाल ते."

आईला विचार म्हणालो. फोन तसाच हातात धरून आत गेला. मोरीत पाणी पडत होतं. ती काहीतरी बोलली, मला शब्द लागले नाहीत. तो काय गं, का गं म्हणाला. पाणी बंद झालं. पुन्हा ती बोलली, थोडंच.

परत फोनवर आला तो सावकाश.

"तात्या, आई म्हणती जेवणाचं मागनं बघू. आदी या."

येतो म्हणालो.