सव्वातीन की साडेतीन

॥ श्री ॥
रत्नागिरी, ११ मार्च २०२५

चि. भास्कर यास अनेक आशीर्वाद.

तू घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यांच्या बुलेटच्या मागच्या टायरसाठी मतदान घेतलंस, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू हो ताई, हो ताई म्हणतोस आणि फोन ठेवला की मनाचं करतोस. कागदावरचं तुला नाकबूल करता येणार नाही.

निकाल मी पाहिला. चार इंची टायर भरघोस मतांनी निवडून आला. मत देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी सायकलचं पंक्चरसुद्धा कधी काढलेलं नाही. आपल्या चुलतभावाच्या, गंधारच्या सासूबाईंनी कशाच्या आधारावर मत दिलं, हे मला कळायला हवं. त्यांनी ही गाडी पाहिलेली नाही. मलाही पाहिलेलं नाही. टायरचं माप बहुमताने ठरत नाही, गाडी ते ठरवते.

आता नीट वाच. हे गेल्यापासून गाडी पडवीत उभी आहे. संक्रांतीला मी तुला सांगितलं की ती आता तुझी, चालती कर आणि लांज्याला घेऊन जा. त्यात बदल नाही. पण यांनी जशी ठेवली तशीच ती चालली पाहिजे, एवढी एक अट आहे. मागच्या टायरवर सव्वातीन-एकोणीस लिहिलं आहे. सव्वातीन इंच रुंदी, एकोणीस इंची रिम. चार इंची टायर रुंदीला वाढतो तसा उंचीलाही वाढतो. मग मधल्या स्टँडवर गाडी चढवली तरी चाक जमिनीला टेकणार, आणि चेनकव्हरला घासणार ते वेगळंच. ते कव्हर आधीच वाकडं आहे. हे कुठे तरी पडले होते आणि मला सांगितलं नव्हतं. विचारलं की हसायचे. त्या कव्हरावरून मी त्यांना किती वर्षं बोलले असेन त्याचा हिशोब नाही.

चालवणारा तू एकटा. एका माणसाला सव्वातीन भरपूर झाला. साडीगार्डही काढून टाक. त्याचं आता काही काम नाही.

तुझ्या मनस्विनीच्या लग्नाचं पुन्हा विचारू नकोस. मे महिन्यात झाडावर आंबा असतो, घरात पिकायला अढ्या लागलेल्या असतात, मला हलता येणार नाही. आणि खरं कारण तुला ठाऊकच आहे. बंद गाडीत मी बसले की काय होतं ते तुझ्या वास्तुशांतीला येताना गाडीतल्या सगळ्यांनी पाहिलं. अंजणारीच्या घाटात रस्त्याकडेला आडवी पडले होते आणि तिकडे तुझी पूर्णाहुती होऊन गेली. ते पुन्हा नको. लग्नघरात आजारी आत्या कोणाला हवी आहे? पोरीला आशीर्वाद आणि आंब्याच्या पेट्या पोचतील.

उत्तर पत्रानेच यावं. लोभ आहेच, तो टायरवर अवलंबून नाही.

तुझी,
पद्माताई

॥ श्री ॥
लांजा, १७ मार्च २०२५

ती. पद्माताईस, भास्करचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमनने ते देताना इकडेतिकडे पाहिलं. पाकीट जड होतं, त्याला वाटलं कोर्टाची नोटीस आहे. मी म्हटलं, जवळजवळ तसंच आहे.

मतदान रद्द केलं. गंधारच्या सासूबाईंना रीतसर कळवलं. त्या म्हणाल्या की चार हा आकडा त्यांना शुभ आहे, म्हणून दिलं मत. आता यावर तुझ्या बी.एस्सी.कडे काय उत्तर आहे?

चारचा हट्ट सोडला, ताई. पण सव्वातीन नको. साडेतीन घेऊया. रस्त्यांची कामं चालू आहेत, कुठे खडी, कुठे चर. आणि टायर घेताना नुसता चालवणारा धरून चालत नाही, दोन माणसांचा भार धरावा लागतो. म्हणून मी तुला न विचारता साडेतीन-एकोणीस घेऊन टाकला आहे. बाजाराला येणाऱ्या टेम्पोतून गुरुवारी तुझ्याकडे पोचेल. ओरडायचं ते त्या टेम्पोवाल्यावर ओरडू नकोस, तो बिचारा नारळ घेऊन येतो.

घरी गडबड आहे. दर्शनाने पापडांची एक फेरी संपवली. फेण्या व्हायच्यात. मनू मात्र सध्या सासरी नाव बदलणार नाही या मुद्द्यावर लढते आहे. होणारा नवरा स्वभावाने गरीब आहे, त्याची काही हरकत नाही, पण त्याच्या काकूने दोन नावं काढून ठेवली आहेत. मनूचं म्हणणं असं की मनस्विनी हे नाव बारशाला माझ्या कानात आत्याने सांगितलंय, तेव्हा ज्याला बदलायचं असेल त्याने आत्यासमोर येऊन बोलावं. आणि आत्या मांडवात नसेल तर ती बोहल्यावर चढणार नाही म्हणते. मी तिला सांगितलं की तुझी आत्या असल्या धमक्यांना भीक घालत नाही. त्यावर ती म्हणाली, बघूया.

साडीगार्ड मी काढणार नाही. गंजलाय, घासून रंग देईन.

गुडघ्याला तेल लावत जा गो. आशीर्वादाची इच्छा तर आहेच, शिवाय थोडी दया असावी.

तुझा,
भास्कर

॥ श्री ॥
रत्नागिरी, २६ मार्च २०२५

चि. भास्कर यास आशीर्वाद.

टायर पोचला. नारळाच्या चोडांचा, सालींचा वास त्याला लागला आहे.

दोन माणसांचा भार म्हणालास, तर दुसरं माणूस कोण ते लिहिलं नाहीस. दर्शनाला फोन केला. तिने स्वच्छ सांगितलं की जन्मात एकदा ती तुझ्यामागे बसली होती, त्यानंतर नवस फेडायला गेली होती, पुन्हा बसणार नाही. मनूला नवरा कार घेऊन येणार आहे. म्हणजे दुसरं माणूस नाहीच. टायर परत पाठवायचा मी ठरवला होता.

पण नुसता परत पाठवला असता तर तू जन्मभर म्हणाला असतास की तो बसला असता. म्हणून, तो बसत नाही हे एकदा सिद्ध करावं असं ठरवलं. नाचणे गावाच्या रस्त्यावर गॅरेज आहे, तिथल्या विनोदला घरी बोलावलं आणि चाक काढून साडेतीन चढवायला सांगितलं. मी खुर्ची टाकून समोर बसले. चाक जागेवर आलं, चेन ओढून झाली, आणि विनोदने चाक हाताने फिरवलं. घासलं नाही. मी पुन्हा फिरवायला लावलं. मग स्वतः फिरवलं. पेन्सिल जाईल एवढी फट राहते.

बाकी कव्हर जवळ आहे. फट आहे ती नेमकी जिथे ते वाकडं आहे तिथेच.

मग मी खाली बसून पाहिलं. इतकी वर्षं मी ते उभ्याने पाहत आले होते. गाडी डाव्या अंगावर पडली तर कव्हर आत जाईल. हे बाहेर आलं आहे. आतून बाहेर, टायरच्या गोलाईबरोबर, थोडं थोडं ठोकत आणलेलं. हे पडल्याने होत नाही. कोणी तरी सावकाश बसून, मोजून केलं आहे. आणि सव्वातीनचा टायर असेल तर त्याची काही गरज नव्हती.

विनोदने विचारलं, काकू, काढू का टायर. मी म्हटलं, राहू दे.

हे काम यांच्या एकट्याचं नाही. ठोकताना दुसऱ्या बाजूने कोणी तरी धरायला लागतं. सुट्टीत तू आमच्याकडे पडीक असायचास. तेव्हा तुला काय माहीत आहे ते लिही. सजवू नकोस. पाल्हाळही नको.

आंब्याला मोहोर उशिरा आला, फळ कमी आहे, पण आहे ते चांगलं आहे. पहिली तोड पाडव्यानंतर.

उत्तराची वाट पाहते. प्रेमात खंड नाही, संशय मात्र आहे.

पद्माताई

॥ श्री ॥
लांजा, २ एप्रिल २०२५

ती. ताईस, भास्करचा कोपरापासून नमस्कार.

धरला होता मीच. लाकडाचा ठोकळा बाहेरून मी धरला आणि भाऊजींनी आतून ठोकलं.

तू म्हणालीस सजवू नकोस, म्हणून जसं झालं तसं लिहितो. त्या काळी भाऊजी दिवसभर गुरं तपासत गावोगाव हिंडायचे, तेव्हा एकटेच. पण रविवारी तुला मागे बसवून माहेरी आणायचे. तुला एस.टी. सोसत नव्हती, मोटर सोसत नव्हती, ही गाडी तेवढी सोसायची, कारण तोंडावर वारा. एकदा पावसाळा संपल्यावर तुम्ही आलात आणि तू आईला म्हणालीस की मागच्या चाकाचे दणके पाठीला बसतात, आता वर्षातून एकदाच येईन. आईचा चेहरा उतरला. भाऊजी ते ऐकत पडवीत उभे होते.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मागे साडेतीन घातला. तो कव्हरला घासायला लागला. तर म्हणाले, टायर बरोबर आहे, कव्हरने सरकून घ्यावं. आणि मला शपथ घातली की तुला कळता कामा नये. मी विचारलं, का? तर म्हणाले, मागे भार जास्त होतो म्हणून रुंद टायर घातला असं तुझ्या ताईला सांगायला तू जातोस की मी जाऊ? मी नाही म्हटलं. तेही नाही म्हणाले. त्यापेक्षा मी पडलो असं तिला वाटू दे, ते स्वस्त आहे, असं त्यांचं मत पडलं. तू बोललीस की ते हसायचे ते यासाठी.

आईबाबा गेल्यावर तुमच्या फेऱ्या थांबल्या. पुढे तो टायर झिजला तेव्हा त्यांनी सव्वातीन घातला. एकट्यालाच हिंडायचं होतं. म्हणजे तू मोजलंस ते बरोबरच मोजलंस ताई, फक्त शेवटचा टायर मोजलास.

दुसरं माणूस तू आहेस. हे मतदानाच्या वेळीच सांगितलं असतं तर तू गाडी विहिरीत ढकलून दिली असतीस. माहेरवाशिणीला न्यायला मुऱ्हाळी जातो, तसा मी सहा मेला सकाळी येतो. तुला हेल्मेट घेतलंय. काळं नको म्हणशील म्हणून पांढरं. मी सावकाश चालवीन. अंजणारीला थांबू. आंबा तुझा गडी केरू बघेल, मी त्याच्याशी बोललो आहे, तू त्याच्यावर डाफरू नकोस.

नाही म्हणायचं असेल तर पत्राने कळव. पोस्टाचा भरवसा नाही, तुझं पत्र मला मिळालं नाही असंही होऊ शकतं.

आशीर्वाद दे आणि साडी नेसून ये, विनोदला सांगून गार्ड रंगवून घेतो.

भास्कर

॥ श्री ॥
रत्नागिरी, १४ मे २०२५

चि. भास्कर यास व सौ. दर्शनास अनेक आशीर्वाद.

तू मला घरी सोडलंस आणि चहासुद्धा न घेता गाडीवर परत गेलास. ग्रुपवर पोचल्याचं कळवलंस ते पाहिलं. आता राहिलेलं लिहिते.

तुझ्या चालवण्याबद्दल आधी. ब्रेक उशिरा लावतोस. वळणावर बोलतोस. हातखंब्याला तू मागे वळून मला ठीक आहे का विचारलंस, तेव्हा समोरून डंपर येत होता. पुढल्या खेपेला पुढे बघून विचार. अंजणारीच्या घाटात तू थांबलास, पाण्याची बाटली पुढे केलीस आणि काळजीने माझ्याकडे पाहत राहिलास. मला काहीही होत नव्हतं. वारा येत होता. खाली काजळी नदीचं पाणी दिसत होतं, ते मी कितीतरी वर्षांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं. तुला चल म्हटलं ते रागाने नव्हे.

दणका एकही बसला नाही. ही गोष्ट मला ज्यांना सांगायची होती ते नाहीत, म्हणून तुला सांगते.

लग्न चांगलं झालं. जेवणात मीठ बेताचं होतं, आमरस पातळ. मनूच्या चुलतसासूबाई भल्या आहेत. त्यांनी नावाचा विषय काढला, तेव्हा मी फक्त माझं हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. त्या म्हणाल्या, मनस्विनीच छान आहे. पोरीने पाठवणीला मिठी मारली, तिच्या कपाळाचं सगळं कुंकू माझ्या खांद्याला लागलं. डाग निघत नाही. काढायचा प्रयत्नही केलेला नाही.

केरूने अढ्या नीट ठेवल्या. एकही फळ खराब नाही. हे त्याला सांगायचं राहिलं, सांगेन.

गाडी तुझी म्हटलं होतं, ती तुझीच. पण वस्तू दिली घेतली की त्याची नोंद असावी, ही यांची शिस्त होती. म्हणून खाली लिहिलं आहे ते तपासून घे. गणपतीत मुऱ्हाळी कोणत्या दिवशी येणार ते वेळेवर कळव. मी ताटकळत बसणार नाही, पण घरीच असेन.

घरच्या सगळ्यांवर माया आहे तशीच राहील. तुझ्यावर जरा जास्त, कारण तू गप्प राहू शकतोस हे मला माहीत नव्हतं.

तुझी,
पद्माताई

चि. भास्कर यास सुपूर्द:
मोटरसायकल, चालू.
चाव्या, दोन्ही. एकीला यांनी बांधलेली दोरी आहे, ती सोडू नये.
मागचा टायर, साडेतीन-एकोणीस, बसवलेला.
जुना सव्वातीन टायर इथेच ठेवला आहे. लागणार नाही.
चेनकव्हर, आहे तसं. सरळ करू नये.
साडीगार्ड, रंगवलेला. काढू नये.