मधली खाट

खोली नऊ, मुलींचे वसतिगृह
ता. ६ ऑगस्ट

ती. बाबांस,
ठकीचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. खोली मिळाली असं म्हणवत नाही, खोलीत जागा मिळाली एवढं खरं. यंदा मुली जास्त आणि खोल्या तेवढ्याच, म्हणून दोघींच्या खोलीत तिघी कोंबल्या आहेत. रेक्टरबाई म्हणतात की ही तात्पुरती सोय आहे, कुठेही भिंतीकडची खाट रिकामी झाली की ती आधी मला. तोवर दोन खाटांच्या मधोमध माझी घडीची खाट. रात्री उघडायची, सकाळी मिटायची. मिटली नाही तर दार उघडत नाही.

डावीकडे कायदा शिकणारी आहे. उजवीकडची दगडांचा अभ्यास करते आणि नमुने पोत्यात भरून खाटेखाली ठेवते. दोघी गेल्या वर्षापासून एकत्र राहतात आणि जवळजवळ तेव्हापासूनच एकमेकींशी बोलत नाहीत. कारण काय, तर खिडकी. पहिल्याच संध्याकाळी वकिलीणबाईंनी मला सांगितलं, तिला सांग खिडकी लाव. दगडवालीनं सांगितलं, तिला सांग लावणार नाही. मी मध्ये उशी पोटाशी धरून उभी. बाबा, मला वाटलं मी आपल्या दुकानातच आहे.

शाळेत जायला लागले तेव्हापासून मी तुमचे निरोप काकांना आणि काकांचे तुम्हाला पोचवते आहे. तुम्ही खोळी शिवणार, ते कापूस पिंजणार, मध्ये एक टेबल, आणि फोमच्या गाद्या दुकानात ठेवायच्या की नाही यावरून धरलेला अबोला. आई आणि काकूंनी केव्हाच हात वर केले, म्हणून मी. शिकायला बाहेर पडले की ही नोकरी सुटेल असं वाटलं होतं. नुसती बदली झाली.

हसू नका. मला खरंच एक भिंत हवी आहे. निदान एका अंगाला तरी कुणी नको.

तोवर एक गादी पाठवाल का, पातळशी? इथली म्हणजे गोणपाटात भरलेले बटाटे आहेत, पाठ धरली आहे. फोन एकच आणि तो रेक्टरबाईंच्या टेबलावर, तेव्हा पत्रानंच कळवा.

माया आहेच, तिला गुठळ्या होऊ देऊ नका.
तुमची,
ठकी

---

ता. १४ ऑगस्ट

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

गादीवाल्याची मुलगी बटाट्यांवर झोपते हे तिथे कुणाला सांगू नकोस. खोळ शिवून तयार आहे. आता कापसाचं तेवढं राहिलं. तुझ्या काकाला कळव की कापूस दोनदा पिंजून हवा आणि पोरीची गादी आहे, हात आखडू नकोस. तो समोरच बसला आहे, पण मी कामाच्या वेळी कुणाला मध्ये बोलत नाही.

माझी मोठी कात्री कुठे दिसत नाही. तेही त्यालाच विचार.

तुझं पत्र त्याला पोचलं की काम पुढे सरकेल, म्हणून लवकर लिही. खोलीतल्या त्या दोघी विचित्रच दिसतात. खिडकीपायी कुणी वर्षभर अबोला धरतं का?

आठवण काढत जा, आम्हीही काढतो.
तुझे,
बाबा

---

ता. १६ ऑगस्ट

चि. ठकूबाईस,
काकाचे आशीर्वाद आणि एक धपाटा. गादी नाही हे मला का नाही कळवलंस? काकूकडून कळलं.

तुझे बाबा परवापासून तयार खोळ मांडीवर घेऊन बसले आहेत. कसली वाट बघतात कोण जाणे. मी विचारणार नाही आणि ते सांगणार नाहीत, तोवर तुझ्या पाठीचा खुळखुळा व्हायचा. म्हणून अख्खी गादी मीच करून पाठवतो आहे, खोळीसकट. मला सुई धरता येत नाही असं दादा गिऱ्हाइकांना सांगत असतात. तू झोपून बघ आणि कशी आहे ते त्यांना सविस्तर कळव.

कात्री माझ्याकडे आहे. त्यांनी विचारलं तर सांग, नाही तर राहू दे.

अभ्यास कर, रोड होऊ नकोस, आमच्यावर रुसू नकोस.
तुझा,
काका

---

खोली सतरा
ता. ३० ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

वर पत्त्यात खोली बदललेली दिसेल. त्याचं कारण तुम्ही दोघं आहात.

मी पत्राचं उत्तर लिहायला बसले तेवढ्यात काकांची गादी आली. दुपारी तुमची आली. म्हणजे तुम्हालाही धीर धरवला नाही. खाट एक, तीही अर्धी, आणि गाद्या दोन. आम्हा तिघींना पाय टेकायला जमीन उरली नाही.

तुमची शिवण अशी की मुंगी आत शिरायची नाही, पण आत न पिंजलेला कापूस, नुसते गोळे. मग काकांची अंथरली. कापूस इतका मऊ की मला घरची आठवण येऊन रडूच आलं. रडायला म्हणून बसले, आणि शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. वर पंखा चालू होता. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

कुणाला काही दिसेना. ती वकिलीण, जिला खिडकी कायम बंद हवी, तीच ओरडली की अगं खिडकी उघड. दगडवाली म्हणाली की उघडतेच आहे, तू आधी पंखा बंद कर. मग आपण काय केलं ते दोघींच्या ध्यानात आलं. दोघींच्या भुवयांना कापूस चिकटलेला, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. तेव्हापासून बोलताहेत. माझ्या अंगावरून, दिवे गेल्यानंतरही, थांबतच नाहीत. मला कुणी काही पोचवायला सांगत नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाईट वाटलं.

मग खोली सतरामधली भिंतीकडची खाट रिकामी झाली. दोघी म्हणाल्या की जाऊ नकोस, आता तर कुठे मजा यायला लागली. मी घडीची खाट मिटली तर दार सताड उघडलं. निघाले.

इथे भिंत आहे. तिला टेकून लिहिते आहे. खाटेवर मात्र नुसत्या फळ्या. तुमच्या दोन्ही गाद्या परत पाठवते. मला एकच गादी हवी, तुमच्या शिवणीची आणि काकांच्या कापसाची. ती येईपर्यंत मी फळ्यांवर झोपेन, आणि उसनी गादी घेणार नाही. हट्टीपणा कुणाकडून आला ते विचारू नका.

खाटेची लांबी सहा फूट दोन इंच. रुंदी काकांना कळवली आहे.

कळावे. गादी आल्यावर लोभ आपोआप वाढेल.
तुमची,
ठकी

---

खोली सतरा
ता. ३० ऑगस्ट

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमची गादी फार मऊ होती, पुढचं बाबांच्या पत्रात आहे. खाटेची रुंदी दोन फूट दहा इंच. लांबी बाबांना ठाऊक आहे. मी कळवणार नाही. आई आणि काकूंना विचारू नका, त्यांना मी काहीच सांगितलेलं नाही.

माझी पाठ तुम्हा दोघांच्या हातात.
तुमची,
ठकी

---

ता. ११ सप्टेंबर

चि. ठकूबाईस,
आम्हां दोघांचे आशीर्वाद. ‘दोघांचे’ लिही असं दादांनी बजावलं आहे.

तू आगाऊ आहेस. तुझी पत्रं आली त्या दिवशी दादांनी माझ्या खिशात डोकवायचा प्रयत्न केला, मी पत्र टोपीत ठेवलं. मग त्यांनी अंदाजानं खोळ बेतली, उसवली, पुन्हा बेतली. मी बघत होतो. रात्री काकूनं ताट वाढलं आणि म्हणाली की पोरगी तिकडे फळीवर आहे आणि तुम्हाला घास जातो कसा. तो काही गेला नाही.

सकाळी पिंजणयंत्र चालू केलं आणि दादांना लांबी विचारली. यंत्राच्या आवाजात ऐकू जाणार नाही असा माझा हिशोब होता, म्हणजे विचारल्यासारखंही झालं असतं. त्यांनी उठून बटण बंद केलं आणि म्हणाले की आता बोल. इतकी वर्षं समोर बसतो, पण त्यांचा आवाज थेट माझ्याशी बोलताना कसा लागतो ते मी विसरलो होतो. मला दोन मिनिटं कापूस दिसेना. मग सहा फूट दोन इंच कळलं, दोन फूट दहा इंच सांगितलं, आणि कात्री परत केली.

संध्याकाळपर्यंत फोमवरून पुन्हा जुंपली. गिऱ्हाईक दारातून माघारी गेलं. पण समोरासमोर भांडण्यात जी लज्जत आहे ती तुझ्यामार्फत नव्हती, राग मानू नकोस. इथून पुढे दादा लिहितात.

तुझा काका पाल्हाळ फार लावतो. गादी सोबत पाठवली आहे. कापूस त्याचा, शिवण माझी, एक टाका त्याला घालू दिला. कोणता ते लगेच ओळखशील. फोमची एक गादी दुकानात ठेवणार आहोत, मागच्या बाजूला, पटकन दिसणार नाही अशी.

तू टेबलाएवढी असल्यापासून आमच्या मध्ये उभी होतीस. आता गादी अंथर आणि भिंतीकडे तोंड करून खुशाल झोप. कुणाचा निरोप आला तरी उठू नकोस.

तुझे,
बाबा आणि काका