पांढऱ्याशुभ्र भिंतीची हकीकत

व्याही धावजी यांना तांड्यावरून देवसिंगचा हात जोडून जय सेवालाल. आम्ही सारे ठीक आहोत (खाज सोडून). तुमचे गुडघे, विहीणबाईंचा दमा आणि आमची लेक कशी आहे ते कळवावे. चौथीपर्यंत शिकलेल्याचे पत्र आहे, चुका पोटात घालाव्या.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे (दुसरे कोणी तयार नव्हते). शाळेला काय पाहिजे त्याचा आराखडा आम्ही करतो, मग अनुदान येते, आणि मार्चअखेर खर्चाचा दाखला गेला नाही तर ते परत जाते. यंदा मागच्या खोलीचे छप्पर, फरशी आणि रंग मंजूर झाला. छप्पर झाले, फरशी झाली, पांढऱ्या रंगाचे डबे आणले. तेवढ्यात आमच्या घरात कापूस मावेना. भाव पडलेला, आणि मागच्या साली जे थांबले त्यांना चांगला मिळाला, म्हणून यंदा सारा तांडाच थांबला. साठवलेल्या कापसाने अंगाला अशी खाज सुटते की झोप नाही. आमची कारभारीण जमनी म्हणाली, "घरात कापूस राहीन, नाही त मी." शाळेची चावी माझ्याकडे होती. आठ दिवसांसाठी म्हणून कापूस त्या खोलीत भरला, तो तिथेच राहिला. डबे त्याच्याखाली.

मार्चअखेरीस मुख्याध्यापिका विमलताई प्रशिक्षणासाठी यवतमाळला होत्या. फोनवर म्हणाल्या, रंगवलेल्या खोलीत मुले बसवून फोटो पाठवा, मी सही करते. मी मुलांना दाराशी दाटीने बसवले. मागे छतापर्यंत कापूस. फोटोत अशी पांढरीशुभ्र भिंत आली की माझे मलाच समाधान वाटले. ताईंनी माझ्या भरवशावर सही केली.

पण तालुक्याच्या साहेबांना ती भिंत फार आवडली. इतक्या कमी पैशात असे काम कुठेच नाही, म्हणून ते इतर शाळांचे गुरुजी घेऊन ती पाहायला आले. दार उघडले. मग साहेबांनी विचारले, "या वर्गात किती मुलं बसतात?" चहा घेऊन आलेली जमनी म्हणाली, "यंदा कापूसच बसून राह्यला, साहेब. पोरं लिंबाखाली बसतेत." एक गुरुजी भिंत चाचपून पाहत होते, ते मनगट खाजवू लागले.

साहेब रागावले ते विमलताईंवर, कारण सही त्यांची. सोमवारपर्यंत रंगवलेली खोली दाखवा, नाही तर ताईंना नोटीस, आणि पुढच्या अनुदानाची आशा सोडा. दोष माझा आहे असे मी म्हणणार होतो, पण चहाचे कप गोळा करत राहिलो. ते गेल्यावर ताई एवढेच म्हणाल्या, "काका, फोटो मीच नीट पाहायला हवा होता." मला चार शब्द बोलल्या असत्या तर बरे झाले असते. आज तालुक्याला जाऊन साहेबांना खरे सांगून आलो. ते म्हणाले, आधी भिंत दाखवा.

लहानांना आशीर्वाद.

शाळेसमोरून खाली मान घालून जाणारा,
देवसिंग

ता.क. तुमची पुढची खोली रिकामी असते, असे लेक मागे म्हणाली होती.

ता.क. हे पत्र आणणारा रिजवान टेम्पोवाला आहे. टेम्पो तुमच्या दारातच उभा असेल. त्यात काय भरले आहे ते आता सांगायला नको. अंथरुणे तेवढी आतल्या खोलीत हलवावी.

ता.क. कापसाचा भाव चढला तरी मला कळवू नका. निदान भिंत वाळेपर्यंत.