चर्चमधल्या मूर्ती

गंगूआत्या,

आज कॉलेजात युरोपातली धर्मसुधारणा शिकवत होतो. लोकांनी चर्चमधल्या मूर्ती काढून टाकल्या, असं सांगितलं. एका पोरानं विचारलं, "सर, त्याइले भेव नसंल वाटलं?"

मला तू आठवलीस. दीक्षा घेतल्यावर घरचे देव अरुणावती नदीत सोडताना तुला किती भीती वाटली होती, हे तूच सांगितलंस. पण समोर माझ्या घरमालकांचा मुलगा बसला होता. आपण बौद्ध आहोत, हे मी त्यांना कळू दिलेलं नाही.

"परीक्षेत नाही ते," मी म्हणालो.

मागच्या बाकावरून नीलिमा उठली. "लय भेव वाटलं, सर. घरचे देव सोडले तवाचं माही आजी सांगते."

सगळा वर्ग वळून तिच्याकडे पाहू लागला. "माझी आत्याही," एवढंच म्हणायचं होतं. मी तिला खाली बसवलं.

हे पत्र पाठवणार नाही. तू विचारशील, "त्या पोरीले एकटी काहून पाडली रे?"

तुझा,
जगदेव