माईंच्या लुगड्यांचा दोर

सुदामा नगर, इंदूर

प्रिय निशिगंधा,

तुझं पार्सल पोचलं. आत माईंची सगळी लुगडी होती, चिठ्ठी मात्र नव्हती. सासूबाईंच्या आठवणीची गोधडी शिवायची म्हणून तू ती पुण्याला नेली होतीस. तळं साफ करायला जाडजूड दोर हवाय, असं मी फोनवर नुसतं बोलून गेले, तर तू एकही मागे न ठेवता पाठवून दिलीस. घड्यांना अजून कापराचा वास आहे. आधी मी पोटभर रडले, मग पीळ घालायला बसले.

तू इथे यायची थांबलीस, तेव्हा तळ्यात पाणी दिसतच नव्हतं. काठापासून काठापर्यंत जलकुंभी, तुमच्या पुण्याकडची जलपर्णी. स्वच्छतेची शेखी मिरवणारं आपलं इंदूर, आणि कॉलनीच्या मागे हे असं! महालक्ष्म्यांच्या आत तळं मोकळं करायचंच, असं या उन्हाळ्यात आम्ही बायकांनी ठरवलं. पहिल्याच झटक्यात फजिती झाली. उपसलेली कुंभी काठावरच रचून ठेवली, आणि एका सरीनं अर्धी परत पाण्यात गेली. तिथे मुळाचा तुकडा पडला तरी ती पुन्हा पसरते. शेजारचे अशोकजी हाफ पँटमध्ये गुडघाभर पाण्यात उभे होते. कपाळावर हात मारून म्हणाले, “अरे भिया, ये तो वो मेहमान है, बिदा करो तो छाता भूलने के बहाने वापस आ जाए!”

मग आम्हाला अक्कल आली. कुंभी वाऱ्यानं सरकते. पश्चिमेचा वारा सुटला की सगळी आपल्या बाजूच्या काठाला येऊन गोळा होते. तेवढ्यात मागून दोर आडवा टाकायचा, तिला तिथेच कोंडायचं, ओढून काढायचं आणि लांब मैदानात नेऊन वाळवायचं. नायलॉनची दोरी फार बारीक, कुंभी तिच्याखालून निसटायची. माईंची नऊवारी लुगडी एकमेकांना गाठी मारून, पीळ देऊन, मध्ये मध्ये रिकामे कॅन बांधून टाकली, आणि एक पान पलीकडे गेलं नाही. माई आपल्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायच्या नाहीत, आठवतंय ना? आता कुंभीची पाळी होती.

काल शेवटचा ढीग निघाला. आज सकाळी पाण्यात आभाळ दिसलं गं, आणि काठावर एक बगळा येऊन उभा होता. तुझे आभार कसे मानू ते सुचेना.

मला ठाऊक आहे तू का येत नाहीस. लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांना तू सांवेरच्या नाल्यातून ही कुंभीची जांभळी फुलं आणली होतीस, तिन्ही दिवस टवटवीत राहावीत म्हणून मुळांसकट, बसमध्ये मांडीवर घेऊन. किती सुंदर दिसली होती आरास! निर्माल्य पायदळी येऊ नये, ते पाण्यातच सोडावं, ही आपल्या घरची रीत; तू ती पाळलीस. पुढे तळं कुंभीनं भरलं आणि कॉलनीनं त्याला ‘निशिगंधाची बाग’ म्हणायला सुरुवात केली. तू तेव्हा हसलीस, पण त्यानंतर दर सणाला विक्रमभावजी एकटेच येतात. अगं, निर्माल्य तर सगळ्याच घरांतून तळ्यात जात होतं. आता अंगणात त्यासाठी खड्डा केलाय.

थोरल्या महालक्ष्मीला थोरल्या जावेनं नेसवायचं, धाकटीला धाकटीनं, हे माईंनीच घालून दिलेलं. तू नसतेस म्हणून मी दोघींना नेसवते, पण धाकटीच्या निऱ्या दर वर्षी वाकड्या होतात आणि ती रुसून बसल्यासारखी दिसते. लुगडी धुऊन गच्चीवर वाळत घातलीत. गोधडी आपण दोघी मिळून शिवू. एवढ्याचसाठी हे पत्र लिहिलं. या वर्षी तू ये. धाकटीला तूच नेसव. फक्त येताना फुलं तेवढी आणू नकोस, शेवंती मी आणून ठेवते.

वाट पाहणारी,
तुझीच
वसुंधराताई